सवय होते म्हणे!

"सवय होते हो सगळ्याची." हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारले त्याला एका रात्रीपुरते माझ्या भावोजींचे कान द्यावेत, असे मला गेल्या डिसेंबरपासून वाटते आहे.

माझी ताई लग्न होऊन इंदूरला गेली. भावोजी तिथल्या सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत, एका लहान कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. पत्रा सरकवायचा, प्रेस खाली आदळायचा, पत्रा काढायचा. दिवसाचे आठ तास, अशी बावीस वर्षे. डिसेंबरात त्यांच्याकडे चार दिवस राहिलो. इंदूरच्या थंडीत आम्हां गोंयकारांचे दात वाजतात, आणि भावोजींच्या खोलीत पंखा पाचावर! म्हटले, "भावोजी, थंडी नाही वाजत?" म्हणाले, "वाजते. पण पंखा बंद केला की दुसरंच वाजतं."

कानातली शिटी. कुकरची शिटी निदान थांबते तरी. ही बारीक, उंच, एकसुरी शिटी दिवसा गडबडीत बुडून जाते आणि घर निजले की वर येते. मग आठवले, एकदा श्रावणात ते आमच्या गावी आले होते, तेव्हा गाढ झोपायचे. खिडकीबाहेर रातकिडे आणि बेडूक यांची मैफल. "तुमच्याकडे बाहेरही तोच आवाज, म्हणून आतला सापडत नाही," असे म्हणाले होते. आम्ही सगळे हसलो होतो. त्या हसण्याची आज लाज वाटते.

आता या 'सवयी'चा हिशेब मांडू. आतल्या कानात शंखासारख्या वळणाच्या नळीत अतिशय नाजूक पेशी असतात, एकेका कानात सुमारे पंधरा हजार. आवाजाच्या माऱ्याने त्या आधी थकतात, मग मरतात. आणि माणसाच्या कानात मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. उंच स्वर ऐकणाऱ्या पेशी आधी जातात. तिकडून येणारी खबर बंद पडली की मेंदू आपलीच पट्टी चढवतो आणि रिकामी जागा स्वतःच्या आवाजाने भरतो, असे आजचे शास्त्र मानते. भावोजी सांगत होते, नोकरीच्या सुरुवातीला पाळी संपली की कानांत दडे बसत, सकाळपर्यंत मोकळे होत. पुढे दडे जाणवेनासे झाले. जुने कामगार म्हणाले, "झाली सवय." वाचकहो, ती सवय नव्हती. बोट बधिर झाले म्हणून चटका बसायचा थांबतो का?

मी सरकारी कचेरीत कारकून. एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. फॉर्मवर ज्या दुःखाला रकाना नाही, ते दुःख सरकारदरबारी नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या रोगांच्या यादीत आवाजामुळे येणारे बहिरेपण होते. २०२० च्या नव्या संहितेच्या यादीतही ते आहे. चांगलेच झाले. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऐकू कमी येणाऱ्याची व्याख्या आहे, पण तिच्यात बसायला दोन्ही कानांत साठ डेसिबल तरी घट हवी. म्हणजे ज्याला ऐकू येत नाही त्याला रकाना आहे. ज्याला नको ते ऐकू येते, चोवीस तास, त्याला नाही. आपल्या जुन्या वैद्यकाने कर्णनाद आणि बाधिर्य हे दोन वेगळे रोग मोजले होते. एवढा भेद आमच्या फॉर्मला अजून जमलेला नाही.

यावर साहेब लोकांचे उत्तर ठरलेले: कर्णनाद मोजता येत नाही, रोग्याच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा? अहो, कंबरदुखी कोणत्या तराजूवर मोजता? अमेरिकेत माजी सैनिकांच्या भरपाईच्या दाव्यांत कर्णनाद हाच सर्वांत जास्त आढळणारा विकार ठरला आणि त्याला वर्षानुवर्षे दहा टक्के अपंगत्व धरले गेले, तेही सैनिकाच्या शब्दावरच. सैनिकाचा शब्द चालतो, मग प्रेसवरच्या कामगाराचा का चालू नये?

आणि मर्यादा तरी काय? आपल्या कारखान्यांच्या नियमांनी आठ तासांना नव्वद डेसिबलची मुभा दिली. अमेरिकेची व्यावसायिक आरोग्य संस्था आठ तासांना पंच्याऐंशीच्या वर जाऊ नका म्हणते. फरक पाचाचाच दिसतो, पण डेसिबलचा हिशेब बेरजेचा नाही. तीन वाढले की ऊर्जा दुप्पट होते. त्या हिशेबाने नव्वद डेसिबलमध्ये माणसाने अडीच तासच राहावे. आम्ही त्याला आठ तास ठेवले आणि वर म्हणालो, सवय होईल.

इंदूरला २०१७ पासून वर्षामागून वर्षे देशातल्या सर्वांत स्वच्छ शहराचा मान मिळत गेला, आणि तो खरा आहे. रस्ते पाहून मला पणजीची लाज वाटली. पण तिथली कचऱ्याची गाडीसुद्धा कर्ण्यावर गाणे लावून येते! डोळ्यांना दिसतो तो कचरा, कानांतला कचरा कोण झाडणार? मध्य प्रदेशात १३ डिसेंबर २०२३ ला नव्या मुख्यमंत्र्यांचा पहिला आदेश निघाला तो भोंग्यांविषयी. देवळा-मशिदीवरचा भोंगा सरकारला ऐकू येतो, शेडमधला प्रेस येत नाही. भोंग्याला मते आहेत, प्रेसला नाहीत.

पण इंदूरकडे बोट दाखवण्याआधी आपण गोंयकारांनी आपले अंगण पाहावे. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुरापुढे जे भिंतीएवढे स्पीकर लागतात, त्यांच्यासमोर आपली पोरे पहाटेपर्यंत उभी असतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा वस्तीत पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा घातली, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती ठणकावून सांगितली. आणि आपण? "वर्षातून एकदाच तर असतं!" दुसऱ्या दिवशी पोहे खाताना पोरगा म्हणतो, कानात शूं होतंय. आई म्हणते, जाईल. बहुतेकदा जातेही. पण तो 'शूं' म्हणजे कानाने लावलेली नोटीस आहे. एखाद्या वर्षी ती परत घेतली जात नाही. भावोजींना निदान पगार मिळत होता. आपण वर्गणी देऊन हे विकत घेतो.

डॉक्टरांनी भावोजींना सांगितले की शिटी घालवणारी गोळी नाही. श्रवणयंत्राने मदत होईल, रात्री मंद आवाज सोबतीला ठेवा, समुपदेशनाने मन हळूहळू त्या आवाजाला घाबरायचे थांबते. म्हणजे पुन्हा सवयच! पण ही सवय रोग्याने स्वतःसाठी, कष्टाने कमवायची असते. तिचे नाव घेऊन मालकाने यंत्राला रबराची गादी घालायचे टाळू नये, सरकारने रकाना टाळू नये.

माझी मागणी कारकुनी आहे, म्हणून लहान आहे. कामगारांच्या वार्षिक तपासणीच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा: 'कानात आवाज येतो का? कधीपासून?' आणि उत्तर 'होय' आले तर त्या माणसाला त्या यंत्रावरून त्याच दिवशी हलवा, पगार न कापता. बावीस वर्षांत भावोजींना हे एकदाही कुणी विचारले नाही. मीसुद्धा पंख्याबद्दलच विचारले होते.