चवदार तळे सार्वजनिक ठरले, मग जमिनीखालचे पाणी कोणाचे?

दरवर्षी २० मार्चला आपण महाडला जातो. चवदार तळ्याच्या काठावर उभे राहून ओंजळभर पाणी घेतो, बाबासाहेबांना अभिवादन करतो आणि आपापल्या गावी परततो. तोवर उन्हाळा तापू लागलेला असतो. वस्तीतल्या हातपंपाचा दांडा वीस-पंचवीस वेळा हलवावा तेव्हा कुठे पाणी येते. अशातच पलीकडच्या प्लॉटवर बोअरची गाडी येऊन उभी राहते. रात्रभर धडधड चालते आणि सकाळी कळते की तिथे तीनशे फुटांवर पाणी लागले. काही दिवसांनी वस्तीचा हातपंप नुसती हवा ओढू लागतो.

यात कोणी कोणाला पाणवठ्यावरून हाकललेले नाही. कोणी जात विचारलेली नाही. तरीही वस्तीचे पाणी गेले. हातपंप कोरडा पडण्याचे कारण प्रत्येक वेळी तीच एक बोअर असते, असे आमचे म्हणणे नाही. पाऊस कमी झाला असेल, उपसा सगळीकडूनच वाढला असेल. पण कारण शोधायला कोणी येत नाही आणि आपणही कोणाला बोलावत नाही, हे खरे दुखणे आहे. खासगी बोअरचे नियम हा विषय आपल्या चळवळीच्या अजेंड्यावर का असला पाहिजे, ते या लेखात मांडत आहोत.

महाडचा खटला कशावर चालला?

महाडच्या सत्याग्रहाची आठवण आपण काढतो, पण त्यानंतर दहा वर्षे चाललेल्या खटल्याची फारशी काढत नाही. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदे मंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला धरून ठराव केला. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपले लोक तळ्यावर गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा तळ्यावर जायचे ठरले, तेव्हा सवर्णांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. त्यांचा दावा होता की हे तळे सार्वजनिक नाही, ते खासगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांनी तिथे पाणी न भरण्याची वहिवाट पूर्वापार आहे.

म्हणजे पाणी 'खासगी' आहे, हा युक्तिवाद तेव्हाही होता. बाबासाहेबांनी तो कोर्टात, कागदोपत्री पुराव्यांनी खोडून काढला. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले. तळे नगरपालिकेचे ठरले आणि पूर्वापार वहिवाट सिद्ध झाली नाही.

पुढे संविधानाच्या कलम १५(२) ने हा हक्क देशभर पक्का केला. सरकारी पैशातून राखलेल्या किंवा सर्वसामान्यांच्या वापरासाठी असलेल्या विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या वापरात कोणाशीही जातीवरून भेदभाव करता येणार नाही. हे कलम सार्वजनिक पाण्याचे रक्षण करते. पण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत गावातले पाणी सार्वजनिक आडातून निघून खासगी बोअरमध्ये गेले. आड बुजले, कचऱ्याने भरले किंवा आटले. आता पाणी ज्याच्या जमिनीत बोअर, त्याच्या टाकीत. तिथे कलम १५(२) पोहोचत नाही. तिथे चालतो तो १८८२ चा इंग्रजांच्या काळातला सुविधाधिकार कायदा. जमिनीखालून ठरावीक प्रवाहाने न वाहणारे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा हक्क तो जमीनमालकाला देतो. ज्याची जमीन त्याचे पाणी. आणि जमीन कोणाकडे आहे, हे वस्तीतल्या पोरांना वेगळे सांगायला नको.

नियम आहेत

नियमच नाहीत, असे नाही. महाराष्ट्रात १९९३ सालीच पिण्याच्या पाण्यासाठी भूजल विनियमन कायदा झाला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत, एकाच पाणलोट क्षेत्रात, परवानगीशिवाय नवी विहीर घेता येणार नाही, असे त्यात होते. त्याची जागा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियमाने घेतली. या अधिनियमाच्या नावात २००९ हे वर्ष आहे, अंमल मात्र २०१४ पासून सुरू झाला. सार्वजनिक स्रोताचे संरक्षण त्यानेही कायम ठेवले. विहीरमालकांची नोंदणी आणि बोअर खोदणाऱ्या यंत्रधारकांची नोंदणी त्यात आहे. ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा जास्त खोल विहीर ही कायद्याच्या भाषेत 'खोल विहीर' ठरते आणि अधिसूचित क्षेत्रात शेती किंवा उद्योगासाठी ती घेण्यावर बंदी आहे. या कायद्याखालचे नियम मसुदा म्हणून २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यावर हरकती मागवल्या गेल्या. आपल्यापैकी किती संघटनांनी त्यावर एक पानाची तरी हरकत पाठवली, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

६० मीटरच्या आकड्यामागे कारण आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्टच्या काळ्या कातळावर वसलेला आहे. या कातळात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. जितके खोल जावे तितक्या भेगा कमी होत जातात. खोल बोअरला पाणी लागले तरी ते अनेक वर्षांत मुरलेले असते आणि एकदा उपसले की लवकर भरून येत नाही. खोल बोअर म्हणजे ज्याच्याकडे पैसा त्याने शेजाऱ्याच्या आणि पुढच्या पिढीच्या वाट्यावर टाकलेला हात.

घरगुती वापराच्या बोअरबाबत सरकारचे धोरण सैल आहे. केंद्राच्या सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी पिण्यासाठी आणि घरगुती वापरासाठी घेतलेल्या वैयक्तिक विहिरींना ना-हरकत प्रमाणपत्रातून सूट दिली. या सवलतीला आमचा विरोध नाही. घराला पाणी हवेच, त्यासाठी गरिबाला कार्यालयाचे उंबरे झिजवायला लागू नयेत. पण परवानगीतून मिळालेली सूट ही जबाबदारीतून मिळालेली सूट नव्हे. व्यवहारात मात्र तसेच झाले आहे. घरगुती बोअर कुठे आहे, किती खोल आहे, सार्वजनिक स्रोतापासून किती लांब आहे आणि तिचे पाणी कसे आहे, याची नोंद बहुतेक ग्रामपंचायतींत सापडत नाही. 'घरगुती' म्हणून मारलेल्या बोअरवरून नंतर टँकर भरले जातात, ते वेगळेच.

उघड्या बोअरचेही तसेच. लहान मुले पडून मरत होती म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०१० रोजी देशभरासाठी निर्देश दिले. बोअर मारण्याच्या १५ दिवस आधी मालकाने संबंधित अधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. गाडीवाली एजन्सी नोंदणीकृत असली पाहिजे. कामाच्या जागी मालकाचा आणि एजन्सीचा पत्ता लिहिलेला फलक आणि भोवती कुंपण हवे. केसिंगभोवती सिमेंटचा ओटा बांधायचा आणि तोंडाला पक्के झाकण बसवायचे. पाणी न लागलेली किंवा सोडून दिलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगड-गोट्यांनी भरायची. यातले किती आपल्या गावात होते? कोरडी गेलेली बोअर पोत्याने किंवा फरशीच्या तुकड्याने झाकून गाडी पुढच्या गावाला निघून जाते. त्या मोकळ्या जागेवर खेळणारी मुले बहुतेक वेळा मजुरांची असतात.

पाणी लागले, पण पिण्यासारखे आहे का?

बोअर मारताना आपण दोनच प्रश्न विचारतो. किती फुटांवर लागले आणि किती इंच लागले? तिसरा प्रश्न, पाणी कसे आहे, हा कोणी विचारत नाही. जलजीवन मिशनच्या मार्गदर्शनानुसार सार्वजनिक स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जैविक तपासणी दोनदा व्हायला हवी. गावागावांत महिलांना तपासणी किट वापरण्याचे प्रशिक्षणही दिले गेले. खासगी बोअरला मात्र असे कोणतेच वेळापत्रक नाही. मालक पितो आणि शेजारी त्याच्याकडून मागून पितात.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराईड जास्त आहे. त्याने मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात आणि पुढे हाडे कडक होऊन सांधे आखडतात. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सर्वांना माहीत आहे. बाकी ठिकाणी खते, गोठे आणि शोषखड्डे यांमुळे नायट्रेट वाढते, ते तान्ह्या बाळांना घातक असते. फ्लोराईड, नायट्रेट आणि क्षार पाणी उकळून जात नाहीत, उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. फिल्टर विकणारे पेनसारखे टीडीएस मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवतात. त्या आकड्यावरून फ्लोराईड कळत नाही, नायट्रेट कळत नाही आणि जंतूही कळत नाहीत.

भारतीय मानकानुसार फ्लोराईड लिटरमागे १ मिलीग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलीग्रॅम आहे आणि तिच्यात सवलत नाही. एकूण क्षार ५००, पर्याय नसेल तर २०००. ई. कोलाय हा जंतू १०० मिलिलीटर पाण्यात एकही नसावा. हे चार आकडे प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असले पाहिजेत.

आपल्याच घरची बोअर

इथवर दुसऱ्यांविषयी बोललो. आता आपल्याविषयी. आपल्यातल्या नोकरदारांनी शहराच्या कडेला प्लॉट घेतले, घरे बांधली आणि बोअरही मारल्या. अनेक ठिकाणी शौचालयाची टाकी आणि बोअर एकाच छोट्या प्लॉटवर आहेत. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत यांत किमान १५ ते १८ मीटर अंतर असावे, हा साधा नियम तिथे पाळता येत नाही. मग निदान ते पाणी पिण्यासाठी वापरू नये किंवा नियमित तपासून वापरावे. तेही आपण करत नाही.

आणि जागा कशी ठरवतो? पाणाड्या बोलावून. तो तळहातावर नारळ ठेवून प्लॉटभर फिरतो आणि नारळ उभा राहिला की तिथे खूण. घरात बुद्धमूर्ती, भिंतीवर बावीस प्रतिज्ञा आणि अंगणात नारळ! भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे शुल्क भरून भूवैज्ञानिकाकडून जागा पाहून घेता येते. स्वतः पाहा, तपासा, मग स्वीकारा, असे तथागत सांगतात. मुलांच्या पोटात जाणाऱ्या पाण्याला ही कसोटी आधी लावली पाहिजे.

करायचे काय?

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. खासगी बोअर खासगी असली तरी तिच्याखालचे पाणी सगळ्यांचे आहे, म्हणून तिची नोंद, तिचे अंतर, तिची तपासणी आणि तिचे बंद करणे या चार गोष्टी सार्वजनिक असल्या पाहिजेत. नवा कायदा होईपर्यंत थांबायची गरज नाही. गावपातळीवर आजही पुढील कामे करता येतील.

पहिले काम, बुद्धविहारातल्या तरुणांनी वस्तीभोवतीच्या बोअरची यादी करावी. हातपंप आणि सार्वजनिक विहीर मध्यभागी धरून कोणती बोअर किती अंतरावर आहे, कधी मारली, किती फूट खोल आहे, चालू आहे की उघडी पडली आहे, हे वहीत लिहावे. यात आपल्या लोकांच्या बोअरही लिहाव्यात, वगळू नयेत.

दुसरे, माहितीच्या अधिकारात ग्रामपंचायतीकडे सार्वजनिक स्रोतांची यादी आणि गेल्या तीन वर्षांचे पाणी तपासणी अहवाल मागावेत. अहवाल विहाराच्या फलकावर लावावेत.

तिसरे, तपासणी. जिल्हा किंवा उपविभागीय प्रयोगशाळेत माफक शुल्कात खासगी नमुनाही तपासून मिळतो. मोटार काही मिनिटे चालवून मगच नमुना घ्यावा. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली आणावी आणि नमुना थंड ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवावा. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर, असे वर्षातून दोनदा करावे.

चौथे, सार्वजनिक स्रोताजवळ बोअरची गाडी उभी राहिली तर भांडत बसू नये. ग्रामपंचायत अधिकारी आणि तहसीलदार यांना त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, फोटो ठेवावा. भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडून पाहणी मागावी. उघड्या बोअरसाठीही हाच मार्ग आहे आणि अर्जात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निर्देशांचा उल्लेख करावा.

पाचवे, ग्रामसभेत ठराव मांडावा. नवी बोअर मारण्याआधी ग्रामपंचायतीत नोंद, सार्वजनिक स्रोतापासूनचे अंतर मोजणे, पहिल्या पाण्याची तपासणी आणि कोरडी बोअर भरल्याचा फोटो. ठराव मंजूर होईलच असे नाही. पण तो इतिवृत्तात नोंदवला गेला पाहिजे, कारण उद्या वाद झाला तर तोच कागद कामाला येईल.

महाडच्या तळ्यावर आपले लोक एका दिवसात पोहोचले. ते तळे सार्वजनिक आहे हे सिद्ध करायला दहा वर्षे कागद, नकाशे आणि साक्षी लागल्या. बाबासाहेबांनी ते कंटाळवाणे काम टाळले नाही. १ मेची ग्रामसभा उन्हाळ्यातच येते. त्या दिवशी बोअरच्या यादीची वही घेऊन जाऊ या.

जयभीम!