नाव मालकाचे, हाडे मल्लाची



टीव्हीवरच्या कुस्तीवरून ज्या घरात एकदाही भांडण झाले नाही, असे घर आपल्या वस्तीत शोधून सापडायचे नाही. पोरगा म्हणतो, ‘खरी आहे!’ बाप म्हणतो, ‘अरे, ही नुरा कुस्ती. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं.’ कोपऱ्यात बसलेली आजी मात्र वेगळेच विचारते, ‘का रे बाबा, त्याला लागलं असेल का?’ आम्ही या तिघांचेही ऐकले आहे. आमचे मत असे की, पोरगा थोडा चुकतो, बाप अर्धा बरोबर असतो आणि नेमका प्रश्न आजीच विचारते.

नव्वदच्या दशकात केबल घराघरात आली आणि तिच्याबरोबर डब्ल्यूडब्ल्यूएफ आले. खाऊचे पैसे साठवून पोरांनी ट्रम्प कार्डे घेतली. जिन्यात, गल्लीत, शाळेच्या मधल्या सुटीत त्या पत्त्यांवरचे रँक, उंची, वजन, छाती यांवर डाव रंगले. २००२ साली त्या कंपनीचे नाव बदलून डब्ल्यूडब्ल्यूई झाले. वन्यजीवांच्या रक्षणाचे काम करणाऱ्या एका जागतिक संस्थेची आद्याक्षरेही तीच होती आणि कोर्टात कंपनी हरली. ट्रम्प कार्डे खेळणारी ती पोरे आज स्वतः आईबाप झाली आहेत. चार जुने सवंगडी जमले की अजूनही विषय निघतो: अंडरटेकर खरंच मेला होता का? ब्रेट हार्टला कोणी फसवले? पडद्यामागे काय चालते? आज या सदरात आम्ही त्याच पडद्यामागे डोकावणार आहोत.

खोटे काय आणि खरे काय

निकाल ठरलेला असतो, हे आता गुपित राहिलेले नाही. पूर्वी ते कडेकोट गुपित होते. अमेरिकेतल्या जत्रांमधून हा धंदा वाढला आणि ‘बाहेर काही बोलायचे नाही’ या नियमाला तिथल्या मल्लांच्या बोलीत ‘केफेब’ असा शब्द होता. रिंगणातले वैरी बाहेर एका गाडीतून हिंडताना दिसायचे नाहीत, एवढी ती शिस्त होती.

हे गुपित उघड कोणी केले? खुद्द मालकांनी! १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे कंपनीच्या बाजूने सांगण्यात आले की, हा खेळ नव्हे, ही करमणूक आहे. सत्याची एवढी ओढ एकाएकी का लागली? कारण खेळ म्हटला की राज्याचे नियम आले, परवाने आले, टीव्हीच्या उत्पन्नावर कर आला आणि सामन्याआधी मल्लाची डॉक्टरी तपासणी आली. करमणूक म्हटली की हे सारे ओझे उतरते. म्हणजे मालकांनी खरे सांगितले तेही आपल्या सोयीसाठी, आणि त्यात मल्लाची तपासणी करणारा डॉक्टर मात्र गेला.

आता आजीच्या प्रश्नाकडे वळू. रिंगण म्हणजे गादी नव्हे. लोखंडी चौकट, तिच्यावर लाकडी फळ्या, वर पातळ फोम आणि ताणलेला कॅनव्हास. त्यावर रात्रीमागून रात्री पाठ आपटायची. २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्ग शहरात मॅनकाइंड, म्हणजे मिक फोली, सुमारे सोळा फूट उंच पिंजऱ्याच्या माथ्यावरून खाली टेबलावर पडला. ते ठरलेले होते. पण तो पुन्हा वर चढला आणि पिंजऱ्याचे छत तुटून आत रिंगणात कोसळला, ते ठरलेले नव्हते. त्याचा दात तुटून नाकात शिरला. त्या रात्री अंडरटेकर जिंकणार हे आधीच ठरले होते. निकाल लिहून ठेवता येतो, मार लिहून ठेवता येत नाही.

अंडरटेकर कोण होता?

अफवांचा राजा म्हणजे अंडरटेकर. त्याला सात जन्म आहेत, तो शवपेटीतून उठून येतो, असे आपल्याकडची पोरे छातीठोकपणे सांगत. १९९६ साली ‘खिलाडियों का खिलाडी’ चित्रपट आला आणि अक्षय कुमारने अंडरटेकरला उचलून आपटले, ही बातमी गल्लोगल्ली पसरली. त्यावर कित्येक मैत्र्या तुटल्या असतील! खरी गोष्ट अशी की, त्या चित्रपटातला माणूस खरा अंडरटेकर नव्हता. तो ब्रायन ली नावाचा मल्ल. १९९४ च्या ऑगस्टमध्ये कंपनीनेच ‘नकली अंडरटेकर’ म्हणून ज्याला उभे केले होते, तोच हा. खरा अंडरटेकर म्हणजे मार्क कॅलवे. तो २२ नोव्हेंबर १९९० रोजी प्रथम या कंपनीच्या रिंगणात दिसला आणि बरोबर तीस वर्षांनी, २२ नोव्हेंबर २०२० रोजी, त्याने निरोप घेतला.

एका नावाची दोन माणसे कशी होऊ शकतात? कारण नाव माणसाचे नसतेच. ते कंपनीच्या मालकीचे असते. १९९६ साली रेझर रेमन आणि डीझल हे दोन नावाजलेले मल्ल जास्त पगारावर दुसऱ्या कंपनीत, डब्ल्यूसीडब्ल्यूमध्ये गेले. जाताना त्यांना आपली गाजलेली नावे मागे ठेवावी लागली. तिथे ते स्कॉट हॉल आणि केव्हिन नॅश या मूळ नावांनी उतरले. इकडे जुन्या कंपनीने त्याच सप्टेंबरात दोन नवे मल्ल आणले, त्यांना तेच कपडे घातले, तीच नावे दिली आणि रिंगणात सोडले. प्रेक्षकांना ते रुचले नाही, हा भाग वेगळा. त्यातला नकली डीझल पुढच्या वर्षी मुखवटा घालून ‘केन’ झाला आणि जगभर गाजला!

आपल्यातल्या श्रमिकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. कामगाराने घाम गाळून एका नावाला किंमत मिळवून द्यायची आणि तो गेला की ते नाव दुसऱ्याच्या अंगावर चढवायचे. टी-शर्टवर नाव, बाहुल्यांवर नाव, पत्त्यांवर नाव, व्हिडिओ कॅसेटवर नाव. ज्याच्या हाडांनी हे नाव कमावले, त्याचा वाटा किती, हा हिशेब मात्र करारातल्या बारीक अक्षरांत.

एकी मालकांची

या धंद्यात संघटना झाली, पण ती आधी मालकांची. १९४८ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, वॉटर्लू गावी काही कुस्ती-ठेकेदार एकत्र आले आणि त्यांनी ‘नॅशनल रेसलिंग अलायन्स’ स्थापन केली. मुलूख वाटून घेतले. एकाच्या मुलखात दुसऱ्याने शिरायचे नाही. जो मल्ल नियमाबाहेर वागेल, त्याला कोणीच काम द्यायचे नाही. अखेर अमेरिकेच्या न्याय खात्याने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली त्यांना धरले आणि १९५६ साली त्यांना हे प्रकार सोडण्याचे कोर्टात मान्य करावे लागले.

मल्लांनी मात्र एकी करायची म्हटली तर काय झाले? १९८६ सालची गोष्ट. ‘रेसलमेनिया’चा दुसरा मोठा कार्यक्रम तोंडावर होता. पूर्वीचा मल्ल आणि त्या वेळचा निवेदक जेसी व्हेंचुरा याने कपडे बदलायच्या खोलीत सहकाऱ्यांपुढे विषय काढला: आपली युनियन करू या. एवढ्या मोठ्या कार्यक्रमाआधी आपण एकत्र उभे राहिलो तर मालकाला ऐकावेच लागेल. थोड्याच वेळात ही गोष्ट मालक व्हिन्स मॅकमहन यांच्या कानावर गेली आणि युनियन जन्माआधीच संपली.

चुगली कोणी केली? व्हेंचुराला हे कित्येक वर्षे कळले नाही. पुढे त्याने कंपनीवर दुसऱ्याच कारणाने खटला भरला. त्या खटल्याच्या जबानीत मॅकमहन यांनी नाव सांगितले, असे व्हेंचुरा सांगत आला आहे. ते नाव होते हल्क होगन. सर्वांत मोठा तारा, सर्वांचा लाडका, ज्याचा पत्ता हाती आला की पोरे नाचत. होगन २४ जुलै २०२५ रोजी वारला. त्याच्या नावाने अश्रू ढाळणारे चाहतेही ही आठवण काढल्याशिवाय राहिले नाहीत.

आणि तो खटला कशाचा होता? मालाचाच! व्हेंचुराचा आवाज असलेल्या व्हिडिओ कॅसेट कंपनीने विकल्या. फक्त मुख्य ताऱ्यांनाच विक्रीतला वाटा मिळतो, असे त्याला सांगण्यात आले होते. ते खरे नव्हते. १९९४ साली मिनेसोटातल्या ज्यूरीने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि त्याला आठ लाखांहून अधिक डॉलर मिळाले. वरच्या कोर्टानेही १९९५ साली तो निकाल कायम ठेवला. पुढे हाच व्हेंचुरा १९९८ साली मिनेसोटा राज्याचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. एका माणसाने कागद वाचला, वकील गाठला आणि हक्क मिळवला. पण बाकीच्यांचे काय? एकट्याचा खटला एकट्यापुरताच असतो. युनियन झाली असती तर तो निकाल सगळ्यांचा झाला असता.

मॉन्ट्रियलची रात्र

चाहते ज्या रात्रीवर आजही वाद घालतात, ती ९ नोव्हेंबर १९९७ ची. कॅनडातले मॉन्ट्रियल शहर. विजेता ब्रेट हार्ट हा कॅनडाचाच. आदल्या वर्षी कंपनीने त्याच्याशी वीस वर्षांचा करार केला होता. वर्षभरात मालक म्हणू लागले की, एवढे पैसे देणे जमणार नाही. ब्रेट दुसऱ्या कंपनीत जायला निघाला. आपल्या देशात, आपल्या माणसांसमोर शॉन मायकल्सकडून पट्टा हरायचा नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते आणि शेवटच्या दिवसांत त्याचे मत विचारात घेतले जाईल असे कलम करारात होते. सामना वेगळ्या तऱ्हेने संपेल असे त्याला सांगितले गेले. पण शॉनने त्याच्यावर त्याचाच डाव धरला आणि मॅकमहन यांच्या सांगण्यावरून घंटा वाजली. ब्रेटने हार मानलीच नव्हती. रिंगणातून तो मालकावर थुंकला आणि आत गेल्यावर त्याने मालकाला ठोसा मारला.

हेही नाटकच, असे म्हणणारे अजून आहेत. आम्हाला त्यात एक साधी गोष्ट दिसते. करार हातात होता, तोंडी शब्द होता, जगभरात नाव होते. तरीही घंटा मालकाच्या हातात होती.

ज्या रात्री कोणालाच खरे वाटले नाही

दीड वर्षाने, २३ मे १९९९ रोजी, ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन हार्ट कॅन्सस सिटीच्या केम्पर अरीनामध्ये छतावरून दोरीने खाली उतरणार होता. ‘ब्लू ब्लेझर’ नावाचे विनोदी पात्र, निळा मुखवटा. दोरीचा खटका वेळेआधी सुटला आणि तो सत्तरहून अधिक फुटांवरून रिंगणात कोसळला. वय अवघे चौतीस. सभागृहातल्या कित्येकांना वाटले की हाही खेळाचाच भाग आहे, बाहुली टाकली असेल. टीव्हीवर निवेदकाला सांगावे लागले की, हा कार्यक्रमाचा भाग नाही, हे खरे आहे. ओवेन गेला आणि कार्यक्रम पुढे चालू राहिला.

बंधू-भगिनींनो, ‘सगळे खोटेच असते’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. एखाद्याचे काम खोटे ठरवले की त्याचे मरणही खोटे वाटू लागते. ओवेनच्या पत्नीने, मार्था हार्ट यांनी, कोर्टात लढा दिला आणि २००० साली एक कोटी ऐंशी लाख डॉलरवर तडजोड झाली. त्या पैशांतून त्यांनी पतीच्या नावाने गरजूंना मदत करणारी संस्था उभी केली.

आज काय?

काही बदलले, हे कबूल केले पाहिजे. २००५ च्या नोव्हेंबरात एडी गरेरो हा गुणी मल्ल अडतिसाव्या वर्षी हॉटेलच्या खोलीत हृदयविकाराने गेला. त्यानंतर २००६ पासून कंपनीने मल्लांची औषध-चाचणी आणि हृदयतपासणी सुरू केली. रिंगणात झालेल्या दुखापतीचा खर्च कंपनी करते. पण कागदावर हे मल्ल आजही नोकर नाहीत, ‘स्वतंत्र कंत्राटदार’ आहेत. कुठे, कधी, कोणाशी आणि कोणत्या नावाने लढायचे ते कंपनी ठरवते, तरी ते ‘स्वतंत्र’! घरच्या आजारपणाचा विमा ज्याचा त्याने काढायचा. ठेकेदाराकडे बारा-बारा वर्षे झाडू मारणाऱ्या, पहारा देणाऱ्या आपल्या माणसांना या ‘स्वतंत्र’ शब्दाचा अर्थ बरोबर कळेल. कायमचा शिक्का नाही, ईएसआयचे कार्ड नाही, फंड नाही. आणि युनियन? १९८६ साली राहिली ती आजवर राहिलीच आहे.

आम्ही कुस्ती पाहू नका असे म्हणत नाही. जरूर पाहा, हसा, ओरडा. ट्रम्प कार्डांचा जुना गठ्ठा ट्रंकेत सापडला तर मुलांबरोबर एक डाव टाका. मात्र मुलांना दोन गोष्टी सांगा. एक, हे डाव वर्षानुवर्षे शिकलेली माणसे टाकतात आणि तरीही त्यांच्या माना मोडतात, म्हणून घरातल्या गादीवर धाकट्या भावंडाला उचलून आपटायचे नाही. दुसरी, पत्त्यावर जी उंची आणि छाती छापलेली आहे, ती एका कामगाराची आहे. तो जिंकला की हरला याबरोबरच त्याला काय मिळाले, तो पडला तेव्हा डॉक्टर कोणी आणला आणि म्हातारपणी त्याला कोणी विचारले, हेही पाहायला शिकवा. ज्या मुलाला टीव्हीतल्या मल्लाविषयी हा प्रश्न पडेल, त्याला उद्या कारखान्याच्या दारात स्वतःच्या कागदावर सही करतानाही तो पडेल. आणि मग तो सहीआधी कागद वाचेल.