पालखी मार्गाचं काम रखडलं, तर भरपाई कोण देतं?

संत तुकाराम महाराज पालखी मार्ग पाटसहून बारामती, इंदापूर, अकलूजमार्गे तोंडले-बोंडल्यापर्यंत जातो. सुमारे १३० किलोमीटरच्या या चौपदरीकरणाचं भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झालं. अशा कामाला उशीर झाला, की पहिलं बोट जमीनमालक शेतकऱ्याकडे जातं. कायदा काय सांगतो?

शेतकऱ्याचा दावा: राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ नुसार ठरलेला मोबदला जमा झाला, की ६० दिवसांची नोटीस देऊन ताबा घेता येतो. रक्कम कमी वाटली, तर शेतकरी केंद्राने नेमलेल्या लवादाकडे जातो. नुसत्या या दाव्याने काम थांबत नाही. मोबदला वेळेत जमा झाला नाही, तर मात्र ताबा अडतो.

ठेकेदाराचा दावा: करारात ठरलेली जागा वेळेत मिळाली नाही, तर ठेकेदार मुदतवाढ आणि भरपाई मागतो. यंत्रं किंवा मजूर त्यानेच कमी ठेवले असतील, तर उलट दंड त्याला. एका गटातलं काम अडल्याने पूर्ण रस्त्याची तारीख खरंच पुढे गेली का, हेही तपासलं जातं. त्यासाठी ताबा पावती, साइटवरची रोजची नोंद आणि वेळेत दिलेली नोटीस हाच पुरावा.

आधी सामोपचार, नंतर १९९६ च्या कायद्यानुसार लवाद. दावा ठेकेदाराने जिंकला, तर पैसे सरकारी तिजोरीतून जातात. म्हणून ‘शेतकऱ्यांमुळे रस्ता रखडला’ असं ऐकलं, की आधी विचारावं: मोबदला कधी जमा झाला?