हवेतले ठोसे

मुष्टियुद्धाच्या तालमीत पहिल्यांदाच पाऊल ठेवणाऱ्या माणसाच्या नजरेस जो प्रकार सर्वांत आधी पडतो आणि ज्याचे प्रयोजन त्याला सर्वांत उशिरा उमगते, तो म्हणजे समोर कोणीही नसताना ठोसे मारीत, बगल देत, मागेपुढे सरकत एकट्यानेच चालविलेली झुंज. खेळाडू तिला ‘शॅडो बॉक्सिंग’ म्हणतात. अंग गरम होईपर्यंत पाच-सात मिनिटे ती करावी आणि मग बॅगेकडे किंवा जोडीदाराकडे वळावे, असा शिरस्ता पुष्कळ ठिकाणी पडून गेला आहे. या शिरस्त्याने मुख्य कलमाचे पोटकलम करून टाकले आहे, असे माझे मत आहे. आणि निदान शाळकरी वयाच्या मुलामुलींच्या बाबतीत तरी तो विनाविलंब बदलला पाहिजे.

हा अभ्यास आजकालचा नव्हे. प्लेटोने ‘लॉज’ या ग्रंथात नगररक्षणाच्या तयारीचा विचार करताना मुष्टियोद्ध्याचाच दाखला घेतला आहे: सरावाला जोडीदार मिळाला नाही तर तो निर्जीव पुतळा टांगून त्यावर हात चालवील, आणि तोही नसेल तर स्वतःच्या सावलीशी झुंजायलाही संकोचणार नाही. ऑलिंपियाच्या क्षेत्री कॅरिस्टसच्या ग्लॉकस या विजेत्या मुष्टियोद्ध्याचा पुतळा होता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस लिहितो की, हातांच्या हालचालीत ग्लॉकस आपल्या काळी अद्वितीय असल्यामुळे मूर्तिकाराने त्याला छायेशी झुंजणाऱ्याच्या पवित्र्यात घडविले. आणि ज्या महाराष्ट्रात पेशवाईच्या उतरत्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या नावारूपाला आणली, कुस्तीगिराच्या अंगातला चपळपणा लाकडी खांबावर घोटून घेतला, त्या महाराष्ट्राला प्रतिपक्षावाचून होणाऱ्या अभ्यासाचे मोल नव्याने पटवून देण्याची पाळी येऊ नये.

बॅगेवर मारलेला ठोसा बॅगच अडविते. मारणाऱ्याचा तोल पुढे गेलेला असला तरी ती त्याचे वजन निमूटपणे पेलते, आणि त्याची कसूर झाकली जाते. हवेत मारलेल्या ठोशाला असा जामीन नसतो. तो ज्या वेगाने गेला त्याच वेगाने आपल्याच खांद्याच्या आणि पाठीच्या स्नायूंनी आवरून हनुवटीपाशी परत आणावा लागतो, आणि मागच्या टाचेपासून कमरेपर्यंतची फिरकी जराशी बिघडली, की पाऊल जागा सोडून तिची तक्रार तत्काळ नोंदविते. कसलेल्या प्रतिस्पर्ध्यावर टाकलेल्या ठोशांपैकी कितीतरी हुकतात, आणि हुकलेल्या ठोशानंतरचा अर्धा क्षण हाच सर्वांत घातक. त्या क्षणी स्वतःला सावरण्याचे शिक्षण देणारा याच्याइतका चांगला अभ्यास मला ठाऊक नाही. (हातात जड डंबेल घेऊन आणि प्रत्येक ठोशाला कोपर ताडकन ताठ करून हा अभ्यास करणारे तरुण मात्र सांध्यांना इजा करून घेतात, त्यांना वेळीच थांबवावे.)

आमच्या वस्तीजवळच्या एका शाळेच्या पडवीत तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलीला मी काही दिवस पहाटे पाहत होतो. डावा पाय पुढे, उजवी टाच किंचित उचललेली, वेणी सदऱ्याच्या कॉलरमध्ये खोचलेली. जॅब, पुन्हा जॅब, मग उजवा सरळ ठोसा, आणि लगेच डोके बाजूला. तिसऱ्या फेरीत, दम लागल्यावर, जॅब मारून परतणारा तिचा डावा हात हनुवटीऐवजी छातीपाशी येऊन थांबू लागला. प्रशिक्षक एवढेच म्हणाले, “पोरी, हात कुठंय?” पुढच्या जॅबनंतर तो हात गालाला घासून गेला. हीच चूक जोडीदारासमोर घडली असती, तर ती तिच्या जबड्यावर बसलेल्या उजव्या ठोशाने तिला कळली असती.

आणि जबड्यावर बसणाऱ्या त्या ठोशाचा हिशेब क्षुल्लक नाही. अमेरिकेतील डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी 1928 मध्येच, वारंवार डोक्यावर मार खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूला होणाऱ्या कायमच्या हानीवर शास्त्रीय निबंध लिहिला होता. पुढे 1982 च्या नोव्हेंबरात लास वेगासला रे मॅन्सिनीशी लढताना चौदाव्या फेरीत कोसळलेला कोरियाचा किम दुक-कू चार दिवसांनी मरण पावला, आणि त्यानंतरच जागतिक विजेतेपदाच्या सामन्यांच्या फेऱ्या पंधरावरून बारावर आणण्यास आरंभ झाला. सामन्यातल्या फेऱ्या मोजल्या जातात. सरावात खाल्लेल्या ठोशांची नोंद मात्र कोणत्याच दप्तरात राहत नाही. म्हणून कोवळ्या वयात विद्या छायेशी झुंजून शिकवावी, आणि जोडीदाराशी झुंज तिची परीक्षा घेण्यापुरतीच ठेवावी.

अंतराचा अचूक अंदाज आणि ठोसा येत असतानाही डोळे उघडे ठेवण्याचे धैर्य या गोष्टी जिवंत प्रतिस्पर्ध्यावाचून येत नाहीत, हे मी पूर्णपणे मान्य करतो. शिवाय मनश्चक्षूंपुढे कोणी उभा नसेल, तर हा अभ्यास केवळ हातवारे होऊन बसतो. आज समोर आपल्याहून वीतभर उंच माणूस आहे, उद्या डावखुरा आहे, तो दोरांकडे रेटतो आहे, असे ठरवूनच फेरीला उभे राहावे. त्यासाठी शाळेच्या अंदाजपत्रकात कसलीही तरतूद नको. मोकळी पडवी, तीन मिनिटांची फेरी आणि एका मिनिटाची विश्रांती मोजणारे घड्याळ, आणि एक जाणता डोळा एवढे पुरते. सरावाच्या आरंभी तीन फेऱ्या घ्याव्यात आणि सर्वांत शेवटी, अंग पुरते थकल्यावर, आणखी दोन, कारण हात खाली येतो तो तेव्हाच. आणि त्या वेळी प्रशिक्षकाने हजेरीची वही मिटून घराकडे न निघता पडवीत उभे असावे.