खुपरी मोजली म्हणून हटली, क्लॅमिडिया कोण मोजणार?

ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताच्या एका यशावर शिक्कामोर्तब केले. डोळ्यांची खुपरी, म्हणजे ट्रॅकोमा, ही आता देशातली सार्वजनिक आरोग्य समस्या राहिलेली नाही. आपल्या दादी-नानींच्या पिढीने खुपरीने दृष्टी गेलेली माणसं पाहिली होती, त्यामुळे बातमी आनंदाचीच. पण तिची दुसरी बाजूही आहे. खुपरी ज्या जंतूमुळे होते त्याचं नाव क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस. त्याच जंतूचे दुसरे प्रकार डोळ्यांत नाही, तर स्त्री-पुरुषांच्या जननमार्गात राहतात आणि शरीरसंबंधातून पसरतात. त्यांच्याबद्दल मात्र घरात, मोहल्ल्यात, शाळेत सगळीकडे शांतता.

खुपरी हटली कशी? १९६३ पासून सरकारने त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम राबवला. २०१४ ते २०१७ या काळात सर्वेक्षण झालं, मुलांचे डोळे तपासले गेले आणि सक्रिय खुपरीचं प्रमाण ०.७ टक्के निघालं. मोजलं, म्हणून औषध कुठे न्यायचं ते कळलं.

आता दुसरा क्लॅमिडिया पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात १५ ते ४९ वयोगटात जगभर सुमारे १२ कोटी ९० लाख नवी लागण झाली. ब्रिटनमध्ये २०१०-१२ च्या पाहणीत सर्वसाधारण घरांतून निवडलेल्या लोकांची लघवी तपासली. १६ ते २४ वयाच्या, शरीरसंबंध आलेल्या तरुणींमध्ये ३.१ टक्के आणि तरुणांमध्ये २.३ टक्के लागण आढळली. ही दवाखान्यात तक्रार घेऊन आलेली माणसं नव्हती. म्हणजे हा 'वाईट वस्तीतला' आजार आहे, ही समजूत चुकीची.

आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ मध्ये रक्तातलं हिमोग्लोबिन आणि साखर तपासली गेली. गुप्तरोगांबद्दल मात्र फक्त तोंडी प्रश्न विचारतात. आता ज्या आजारात बहुतेक बायकांना आणि जवळपास निम्म्या पुरुषांना काही लक्षणच नसतं, तो तोंडी प्रश्नाने कसा सापडणार? इच्छा असली की मोजता येतं, हे एचआयव्हीने दाखवलं. २००५-०६ च्या याच सर्वेक्षणात रक्त तपासून महाराष्ट्रातलं प्रमाण ०.६२ टक्के काढलं गेलं. सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' संस्थेने एचआयव्हीवर उघडपणे काम केलं, म्हणून तो शब्द तरी आपल्या जिल्ह्यात उच्चारला जाऊ लागला.

न विचारलेलं दुखणं किती मोठं असतं, याचा धडाही महाराष्ट्रानेच दिला. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ मध्ये निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के.

आमच्या साताऱ्या-सांगलीच्या घरांत हे दुखणं वेगळ्या नावाने येतं. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, लघवीला जळजळ. उपचार न झाल्यास काही स्त्रियांच्या गर्भनलिकांना सूज येते, त्या बंद होतात, मूल राहत नाही किंवा गर्भ नळीतच अडकून जीवावर बेततं. मग सुनेला बोल, नवस, तावीज, दुसऱ्या निकाहची चर्चा. मुलाची तपासणी? ती कुणाला सुचतच नाही. मूल न होण्याची कारणं अनेक असतात, हे खरं. पण तपासायचं तर दोघांनाही.

आणि एक गोष्ट नीट समजून घेऊ या. हा जंतू शरीरात महिनोन्‌महिने गुपचूप राहू शकतो. त्यामुळे लागण कधी झाली, कुणाकडून आली, हे तपासणी सांगत नाही. रिपोर्ट हातात घेऊन एकमेकांवर आरोप करणं म्हणजे बरा होणाऱ्या आजारापायी संसार मोडणं.

उपाय साधा आहे. कोरोनाच्या आरटीपीसीआरसारखी लघवीची किंवा स्रावाची तपासणी, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिजैविकाचा छोटा कोर्स. औषध नवरा-बायको दोघांनी घ्यायचं, पुरं करायचं आणि तोवर संबंध टाळायचा, नाहीतर लागण फिरून येते. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये सल्ला आणि औषध मोफत मिळतं, १०९७ या क्रमांकावर माहितीही मिळते. पण तिथे उपचार मुख्यतः लक्षणांवरून होतात. ज्याला लक्षण नाही, तो निसटतो. म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी: गरोदर बायकांची एचआयव्ही तपासणी होते, तशी निदान काही केंद्रांवर क्लॅमिडियाचीही व्हावी, आणि पुढच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात लघवीचा नमुना घेतला जावा.

हया हा आपला दागिना आहे, यात वाद नाही. पण अन्सारी स्त्रियांना विचारण्यापासून लाजेने अडवलं नाही, याचं हजरत आयेशा (रजि.) यांनी कौतुकच केलं होतं. आम्ही शाळेत मुलींना सांगतो की न समजलेलं विचारा. घरी आल्यावर मात्र आपणच त्यांना गप्प बसवतो. ते आता थांबवू या.