बंद पडला की बंद केला?

छोट्या व्यवसायातला सर्व्हर अचानक बंद होऊ लागला की पहिला फोन हार्डवेअरवाल्याला जातो आणि तिकडून येणारे निदानही ठरलेले असते: ‘एसएमपीएस गेला असेल.’ वीज पुरवणारा हा भाग नवा बसतो, चार दिवस बरे जातात आणि मार्चअखेरीच्या घाईत भरदुपारी सगळ्या टेबलांवरची टॅली पुन्हा एकदम गोठते. मग रॅम बदलली जाते, मग मदरबोर्डवर संशय जातो. मालकाच्या हाती बिले जमतात, दुखणे मात्र जिथल्या तिथे. या खटाटोपात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो: यंत्र आपोआप बंद पडले, की त्याला कोणी बंद केले?

याचे उत्तर बहुतेक वेळा सर्व्हरनेच लिहून ठेवलेले असते. विंडोज सर्व्हरच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘सिस्टिम’ नावाचा लॉग आहे. बंद होण्याच्या वेळी तिथे १०७४ क्रमांकाची नोंद असेल, तर सर्व्हर रीतसर बंद झाला. हुकूम कोणत्या प्रोग्रॅमने, कोणाच्या खात्यातून दिला तेही त्याच नोंदीत सापडते. तशी नोंद नाही आणि पुन्हा चालू झाल्यावर ६००८ व ‘कर्नल-पॉवर’ची ४१ अशा नोंदी दिसतात, तेव्हा यंत्राला आवराआवर करायला वेळच मिळालेला नसतो. ४१ पाहून अनेक जण थेट एसएमपीएसवर बोट ठेवतात. ती नोंद एवढेच सांगते, की मागच्या वेळी यंत्र नीट बंद झाले नव्हते. खरी माहिती तिच्या तपशिलात असते. तिथला बगचेक कोड शून्य नसेल, तर विंडोज निळा पडदा दाखवून कोसळले होते. अशा वेळी ड्रायव्हर, रॅम आणि डिस्क तपासाव्यात आणि विंडोजच्या फोल्डरमधल्या मिनीडम्प फाइल पुसू नयेत. कोड शून्य असेल, तर वीज तुटली असावी किंवा यंत्र जागच्या जागी गोठले असावे. तिथेच पॉवर बटणाची वेळही असते. ती शून्य नसेल, तर कोणीतरी बटण दाबून धरले होते, आणि मग चौकशी यंत्राची न करता माणसांची करावी लागते. हे सगळे वाचण्याआधी सर्व्हरचे घड्याळ बरोबर आहे ना, हे बघितलेले बरे. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली असेल, तर नोंदींच्या वेळांवर भरवसा ठेवता येत नाही.

रीतसर बंद होण्याचा प्रकार सर्वांत जास्त चकवतो, कारण तिथे काहीच बिघडलेले नसते. अपडेटनंतर रात्री यंत्र आपोआप रीस्टार्ट होते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. कमी ठाऊक असलेली गोष्ट परवान्याची. मायक्रोसॉफ्ट विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवसांसाठी फुकट देते. मुदत सरली की हा सर्व्हर दर तासाला स्वतःला बंद करतो आणि १०७४ च्या नोंदीत डब्ल्यूएलएमएस या प्रोग्रॅमचे नाव येते. इशारा सर्व्हरच्या स्वतःच्या पडद्यावर उमटतो, पण छोट्या ऑफिसात सर्व्हरला बहुधा मॉनिटरच जोडलेला नसतो. तो टेबलाखाली, खोक्यांच्या मागे चालू असतो. दर तासाला बंद होणाऱ्या यंत्राचे सुटे भाग बदलत बसण्याइतका व्यर्थ खर्च दुसरा नसेल.

याच जातीचा जुना किस्सा ‘स्मॉल बिझनेस सर्व्हर’चा. ई-मेल, फाइल आणि डोमेन (म्हणजे ऑफिसातल्या संगणकांची व खात्यांची एकत्र व्यवस्था) एकाच यंत्रावर देणारे हे मायक्रोसॉफ्टचे पॅकेज छोट्या कंपन्यांना स्वस्तात मिळे; २००३ च्या आवृत्तीत ७५ वापरकर्त्यांपर्यंत सोय होती. स्वस्ताईच्या बदल्यात अटी होत्या. डोमेनच्या पाचही मुख्य जबाबदाऱ्या याच सर्व्हरकडे हव्यात, तसला दुसरा सर्व्हर त्या डोमेनमध्ये नको आणि बाहेरच्या डोमेनशी विश्वासाचे नाते नको. एखादा उत्साही तंत्रज्ञ दुसरा सर्व्हर आणून यातली एखादी जबाबदारी तिकडे हलवी आणि सवलतीची मुदत संपली की जुना सर्व्हर वारंवार बंद होऊ लागे. हार्डवेअर ठणठणीत, व्हायरस नाही, तरी यंत्र टिकेना. २०११ ची आवृत्ती शेवटची ठरली आणि जानेवारी २०२० मध्ये तिचा सपोर्टही संपला. अशी यंत्रे अजून कुठे चालू असतील, तर ती बदलण्याचे कारण निव्वळ बंद पडण्यापेक्षा मोठे आहे.

आपल्या मालाचे पैसे मागण्याचा कंपनीला हक्क आहे, यावर वाद नाही. दोष आहे तो चाचणी आवृत्ती पक्का माल म्हणून बसवून देणाऱ्याचा, आणि परवान्याचे कागद न मागता पैसे मोजणाऱ्याचाही. डोमेनचा कारभार पाहणाऱ्या यंत्रावर चाचणी आवृत्ती असेल, तर नुसती परवान्याची की टाकून ती पक्की करता येत नाही. डोमेनचा कारभार आधी दुसऱ्या यंत्राकडे सोपवावा लागतो. त्या दिवसाच्या खोळंब्याची किंमत परवान्याहून जास्त भरू शकते.

आता जिथे वीज खरोखरच तुटते तिथला विचार. इथे यंत्रापेक्षा दिनदर्शिका उपयोगी पडते. प्रत्येक वेळी तारीख, वार आणि वेळ लिहून ठेवली की चार-पाच नोंदींतच आकार दिसू लागतो. पुण्यात अनेक भागांत दुरुस्तीसाठी वीज गुरुवारी जाते; सर्व्हरही गुरुवारीच बंद होत असेल, तर शोध यूपीएसपाशी येऊन थांबतो. दर दोन आठवड्यांनी, जवळपास त्याच वेळी होत असेल आणि लाईट गेलेली नसेल, तरीही यूपीएसच पहावा. बरेच चांगले यूपीएस दर १४ दिवसांनी स्वतःची चाचणी घेतात, म्हणजे काही क्षण भार बॅटरीवर टाकतात. बॅटरी मेलेली असेल, तर त्या क्षणी सर्व्हर आडवा होतो. संरक्षणासाठी आणलेले यंत्रच असे घातक ठरते. सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे टिकते आणि तापमान दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते. विदर्भात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या यूपीएसकडून पाच वर्षांची अपेक्षा धरू नये.

घरगुती इन्व्हर्टरवर सर्व्हर चालवणाऱ्यांनी आणखी एक हिशेब पहावा. आपल्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. असेम्बल केलेल्या पीसीतला चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर सुमारे १६-१७ मिलिसेकंद, म्हणजे एक आवर्तनही पुरते नाही, एवढाच तग धरतो. इन्व्हर्टरने पंखा-दिव्यांसाठीच्या साध्या मोडवर वीज पालटायला त्याहून जास्त वेळ घेतला, की ट्यूबलाईट क्षणभर लुकलुकते आणि सर्व्हर मात्र रीस्टार्ट होतो. कोणाला पत्ताही लागत नाही, कारण वीज येताच आपोआप चालू होण्याची सोय बायॉसमध्ये केलेली असते.

उष्णतेचा भाग थोडक्यात सांगता येतो. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंशांत असावी, अशी शिफारस आहे. प्रोसेसर फार तापला, तर तो जळण्याआधी मदरबोर्ड वीज तोडतो. दुपारीच बंद होणारा आणि गार झाल्यावर सुरळीत चालणारा सर्व्हर उघडून हीटसिंकवरची धूळ काढावी. जुन्या यंत्रात त्याच वेळी मदरबोर्डवरचे फुगलेले कपॅसिटरही दिसतात. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटरची अशी साथ आली होती, की २००५ मध्ये एकट्या डेलने त्यापायी ३० कोटी डॉलरची तरतूद केली. तेव्हा हार्डवेअर निर्दोष असते असे कोणी म्हणणार नाही. आक्षेप आहे तो पुराव्याआधी भाग बदलण्याला. दोन भाग एकाच दिवशी बदलले आणि सर्व्हर सुधारला, तर दोष कशात होता हे कायमचे गुलदस्त्यात राहते.

नवे आर्थिक वर्ष सुरू होताना वार्षिक देखभालीचे (एएमसी) करार नूतनीकरणाला येतात. त्यात तीन ओळी वाढवून घ्याव्यात. सर्व्हर अचानक बंद झाल्यावर प्रत्येक वेळी सिस्टिम लॉगची प्रत मालकाला द्यावी. यूपीएसची बॅटरी वर्षातून दोनदा प्रत्यक्ष भारावर तपासून, किती मिनिटे टिकली ते लिहून द्यावे. बदललेला जुना भाग मालकाच्या ताब्यात द्यावा. या ओळींवर सही करायला कोणी कां-कूं केली, तर दरपत्रके दुसरीकडूनही मागवावीत.