बहुउपयोगी होडी नावाची थाप

'एकच कयाक घ्या. मासेमारी करा, व्यायाम करा, वाटले तर लाटांतून थेट समुद्रात घाला.' अशा अर्थाच्या जाहिराती हल्ली उठल्यासुटल्या दिसतात. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचे आहे त्यांचा वेळ वाचेल. अशी होडी नाही. ती विकणाऱ्याच्या पत्रकात असते, घेणाऱ्याच्या हौसेत असते, पाण्यात मात्र नसते.

मी सरकारी कारकून. कचेरीत एक सर्वसमावेशक नमुना अर्ज असतो, तो आपण सगळ्यांनी कधी ना कधी भरलेला आहे. सगळ्या कामांना तोच. चाळीस रकाने आणि तळाला बारीक अक्षरांत 'लागू नसेल ते खोडावे'. ही बहुउपयोगी कयाक तसलाच अर्ज आहे. फरक इतकाच, की कागदावरचा रकाना खोडता येतो, होडीची रुंदी खोडता येत नाही!

हा विषय निघाला बालाघाटमुळे. गोव्यातल्या वाचकांसाठी सांगतो, बालाघाट मध्य प्रदेशात, गोंदियाच्या उत्तरेला साधारण चाळीस किलोमीटरवर, वैनगंगेच्या काठी. १९५६ पर्यंत हा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता, त्यामुळे तिथल्या कितीतरी घरांत आजही मराठी बोलतात. माझी धाकटी बहीण तिथे दिली आहे. तिच्या मुलाचा मध्यंतरी फोन आला. "मामाजी, तुम्ही गोव्याचे. एक कयाक सुचवा. इथे वैनगंगेत मासे मारीन, रोज सकाळी तासभर वल्हवून पोट कमी करीन, आणि मे महिन्यात तुमच्याकडे आलो की समुद्रात घालीन." (गोव्याचा माणूस म्हणजे त्याला होड्यांतले सगळे कळणारच, असे घाटावरच्या लोकांना का वाटते देव जाणे. आमच्यातले निम्मे लोक फेरीबोटीपलीकडे कशात चढलेले नसतात.) मागोमाग त्याने चार-पाच जाहिराती पाठवल्या. प्रत्येकीत 'बहुउपयोगी' हा शब्द कुठल्या ना कुठल्या रूपात होताच.

आता एकेक काम बघू. मासे धरायचे तर होडी स्थिर हवी. गळ टाकताना, मासा ओढताना माणूस एका अंगाला झुकतो. म्हणून मासेमारीची कयाक तेहतीस ते छत्तीस इंच रुंद, तळाला सपाट, वर उंच खुर्ची. काहींत उभेही राहता येते. वजन पस्तीस-चाळीस किलो, पायंडलवाली असेल तर त्याहून जास्त. वैनगंगेच्या संथ डोहात ही होडी शोभते. हिवाळ्यानंतर नदी उतरते, खडक आणि वाळूचे पट्टे वर येतात, तेव्हा जाड प्लास्टिकचा सपाट तळ खरचटला तरी बिघडत नाही.

व्यायामाचे नेमके उलट. तिथे होडी लांब आणि अरुंद हवी, चौदा-सोळा फूट लांब आणि बावीस-चोवीस इंच रुंद. पाण्यात तरंगणाऱ्या होडीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर ठरतो. दहा फुटी होडी सव्वाचार नॉटच्या आसपास अडते, मग तुम्ही कितीही जोर लावा, ती आपलीच लाट ढकलत बसते. सोळा फुटी होडी साडेपाच नॉटच्या जवळ जाते. यावर दुकानदाराचे उत्तर तयार असते, 'मग जड होडीत व्यायाम जास्तच होईल की!' या न्यायाने पोहण्यापेक्षा विहिरीतला गाळ उपसणे उत्तम. वल्हवण्याचा व्यायाम दंडांचा नसतो, कमरेपासून पाठ वळवण्याचा असतो. छत्तीस इंची होडीत वल्हे पाण्यापर्यंत पोहोचवायला हात फाकवावे लागतात, मग पाठ राहते बाजूला आणि खांदे भरून येतात. पंधरा दिवसांत ती होडी घरातल्या ट्रेडमिलच्या वाटेने जाते. ट्रेडमिलवर निदान कपडे तरी वाळतात!

आणि तिसरे काम, लाटांतून होडी घालणे. इथे गोवेकर म्हणून मला जरा राग येतो, कारण इथे प्रश्न पैशांचा राहत नाही, जिवाचा होतो. कोलव्याला किंवा मोरजीला किनाऱ्यावर उभे राहून पाहा. लाटा एकसारख्या येत नाहीत. चार-पाच मोठ्या येतात, मग थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत होडीचे तोंड लाटेला सरळ धरून फुटत्या पट्ट्याच्या पलीकडे जावे लागते. त्यासाठी पुढचे टोक वर उचललेले हवे, बैठक खाली हवी, होडी हाताला चटकन वळणारी हवी, आणि वर सुटे काहीही नको. उंच खुर्ची, गळाच्या काठ्या, बर्फाचा डबा असला संसार मांडलेली होडी पहिल्याच लाटेत आडवी होते. जाताना जमले तरी येताना खरी परीक्षा असते. मागून लाट येते, होडीचे शेपूट उचलते आणि तिला लाटेला समांतर करते. माणूस किनाऱ्याच्या बाजूला पडतो आणि चाळीस किलोची होडी, मागे पाण्याचा जोर घेऊन, त्याच्या अंगावर येते. म्हणून पडलात तर होडीच्या समुद्राकडच्या बाजूला राहायचे, तिच्या आणि वाळूच्या मध्ये कधीच नाही. हे वाक्य एकाही जाहिरातीत मला सापडले नाही. होडी उलटली तर पाणी निघून जाणारी भोके आहेत, एवढे मात्र सगळे सांगतात. भोकांनी होडी वाचते हो, माणसाचे काय?

आमच्या रापणकारांना हे शिकवावे लागत नाही. दर्यात न्यायच्या होडीला एका अंगाला उलांडी, आणि नदीत, मानशीजवळ फिरवायच्या व्हडीला उलांडी नाही. रापणीची मोठी होडी तर वेगळीच, काथ्याने शिवलेली, लाटेत ढकलायला गावचे खांदे लागणारी. त्यांना कोणी 'एकातच सगळे' म्हणून विकायला गेले असते तर हसून लावले असते. मराठीत होड्यांना किती नावे आहेत बघा. डोंगा, डोणी, होडी, पडाव, मचवा, गलबत, गुराब, शिबाड. हा शब्दांचा शौक नव्हे. प्रत्येक नावामागे एक पाणी आणि एक काम आहे. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात तोफांची मोठी गुराबे होती आणि वल्ह्यांनी चालणारी हलकी गलबते होती. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून नेत. एवढ्या मोठ्या दर्यावर्दीला दोन कामांना दोन जहाजे लागली, आणि आम्हाला तीन कामांना एक प्लास्टिकची होडी पुरणार!

बरे, ज्यांनी कयाक काढली त्यांचे तरी बघा. ती उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या शिकाऱ्यांची होडी. सीलचे कातडे लाकडाच्या सांगाड्यावर ताणून केलेली, आणि ज्याची त्याच्या अंगाच्या मापाची. ग्रीनलंडची सडपातळ, अलास्काकडची रुंद, अल्यूशियन बेटांवरची दुभंगलेल्या नाकाची. माणसे आणि सामान न्यायला उमियाक नावाची वेगळी मोठी होडी. म्हणजे 'कयाक' हा शब्दच मुळात एका माणसाचा, एका पाण्याचा. आपण तो उचलला आणि 'वन साइज फिट्स ऑल' करून टाकला.

फार लांब जायला नको. भाच्याच्याच राज्यात भोपाळच्या तलावात सरळ रेषेतल्या शर्यतींचा सराव चालतो. त्यातली एकट्याची कयाक पाच मीटर वीस सेंटिमीटरपर्यंत लांब आणि जेमतेम बारा किलो वजनाची असते. ग्वाल्हेरची प्राची यादव भोपाळातच तयार झाली आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिने कयाकचे सुवर्ण मिळवले. त्याच राज्यात महेश्वरला, नर्मदेच्या सहस्रधारेत, २०२३ साली खेलो इंडियाच्या स्लॅलम शर्यती झाल्या. ती होडी साडेतीन मीटरच्या आसपास, उसळत्या पाण्यात जागच्या जागी फिरणारी. दोन्ही कयाकच. अदलाबदल करून बघा, एक खडकात अडकेल, दुसरी गिरक्या घेत बसेल.

'पण तीन होड्या घ्यायला पैसे कुठून आणू?' हा आक्षेप रास्त आहे, मी तो टाळत नाही. मधला मार्ग आहे. तेरा-चौदा फूट लांब, अठ्ठावीस-एकोणतीस इंच रुंद, वर बसायची, उंच खुर्ची नसलेली कयाक. ती तिन्ही कामांत नापास होत नाही, तिन्हीत पस्तीस मार्क मिळवते. पण ते पस्तीस मार्क वल्हवणाऱ्याच्या सरावाचे असतात, नवशिक्याला ती डोहातही डळमळीत वाटते. कौस्तुभ खाडे हा मुंबईचा तरुण २०१५ मध्ये कयाकने मुंबईहून गोव्याला आला आणि पुढे सगळा पश्चिम किनारा, सुमारे तीन हजार किलोमीटर, वल्हवून गेला. त्याचे नाव घेऊन 'मग आम्हाला का नाही' म्हणणारे भेटतात. अहो, ती कमाई त्याच्या तयारीची, दुकानातल्या पत्रकाची नव्हे.

भाचेबुवांना मी एवढेच विचारले, की या तीनपैकी रविवार सोडून आठवड्याच्या मधल्या वारी तू खरोखर काय करशील? उत्तर आले, मासे. मग दहा-अकरा फुटांची, बत्तीस-तेहतीस इंच रुंद, तीस किलोच्या आतली साधी, वर बसायची होडी घे, दोघांना उचलून घाटाच्या पायऱ्या उतरता येईल अशी. जानेवारीच्या पहाटे त्यात बूड ओले राहणार, हे धरूनच चाल. पोटासाठी नदीकाठाने चाल, फुकट आहे. गोव्याला मे ऐवजी डिसेंबरात ये, दर्या शांत असतो, आणि इथली होडी भाड्याने घे. तीन-सव्वातीन मीटरचे धूड गोंदियाहून रेल्वेने आणण्यात काय शहाणपण? मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. तेव्हा तर होडी पाण्यात घालूच नको, कारण वर शिवनी जिल्ह्यात भीमगडचे धरण आहे, पाणी सोडले की खाली नदी बघता बघता चढते.

होडीआधी लाइफ जॅकेट घ्यायचे, आणि ते अंगात घालायचे, खुर्चीला लटकवायचे नाही. याच वैनगंगेत, खाली गडचिरोली जिल्ह्यात, जानेवारी २०२४ मध्ये मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायकांची नाव उलटली. त्या पोटासाठी निघाल्या होत्या, निवडीला वाव नव्हता. तुझ्याकडे वाव आहे. आणि पैसे देण्याआधी एक सकाळ तिथल्या ढिवरांच्या डोंग्यात बसून ये. डोह कुठे, खडक कुठे, मासा कुठल्या अंगाला, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही.

रंग कुठला, असे त्याने मागाहून विचारले आहे. केशरी किंवा पिवळा. पाण्यावर दुरून तोच दिसतो.